जमीन वर आली

चर्चच्या तळघरात, फरशी उचकटून ओतलेल्या चौथऱ्यावर
ओइलीनं यंत्र उभं केलं.
बाहेर सप्टेंबरचा वारा, आणि समुद्र असून
खारा वास नाही. बोथ्नियाचं पाणी तसं अळणीच.

यंत्र म्हणजे एक नळी. आत हवा नाही.
आत काचेचा एक तुकडा पडतो,
झेलला जातो, वर नेला जातो, पुन्हा पडतो.
रात्रभर. टक्. मग थोडं काहीच नाही. टक्.
मी स्टुलावर, वही घेऊन.
माझं काम एवढंच : कुणी जिन्यावर आलं-गेलं तर वेळ लिहायची.
माणसाच्या वजनानंही आकडा बिचकतो.

मध्यरात्र उलटल्यावर एलोफ आला,
चर्चच्या किल्ल्या आणि कॉफीचा थर्मास घेऊन.
‘काय मोजता?’
‘पृथ्वी किती ओढते ते.’
‘ओढते?’ तो म्हणाला, आणि त्यानं कप पुसला.

त्याच्या आजोबांची होडीची खोप आता बर्चच्या झाडीत आहे,
पाण्यापासून सव्वाशे पावलं आत.
खुंटीला दोर तसाच. होडी बांधायला समुद्र नाही.
तरी या बेटावर कुणी म्हणत नाही समुद्र हटला.
म्हणतात, जमीन वर आली.
दर वर्षी नखाएवढी, न बोलावता,
आणि आली की तिचे वाटे पडतात, भावाभावांत अबोला होतो.
इथं कधी बर्फ बसला होता, दोन-तीन किलोमीटर जाड.
तो उठून गेला दहा हजार वर्षांपूर्वी,
गादी अजून फुगतेय.

ओइली म्हणाली, शाळेत ताणलेली रबरी चादर दाखवतात,
मधे लोखंडी गोळा, भोवती घरंगळणाऱ्या गोट्या.
मला त्या चादरीची चीड आहे.
गोळ्याला खाली कोण ओढतं तिथं?
साखर गोड का, तर तिच्यात साखर आहे म्हणून!

एलोफनं हातमोजा काढला. राखाडी, कोपऱ्यात उसवलेला.
‘हा अंगठ्याशी फुगलाय बघ. कुणी दाबला नाही, ओढला नाही.
गुनवोरनं इथं टाके वाढवले. बस.’
ओइलीनं तो दिव्याशी धरून टाके मोजले, खरंच मोजले.
‘असंच,’ ती म्हणाली. ‘बाक बाहेरून पडत नाही,
मोजणीतच असतो. फक्त आपले बहुतेक टाके वेळेचे.
पायाशी घड्याळ जरा सावकाश चालतं, डोक्याशी जरा भरभर.’
‘मग माझे गुडघे आधी का म्हातारे झाले?’

टक्.
तो नळीला कान लावून वाकला.
बराच वेळ तसाच. मग म्हणाला,
‘काच पडत नाहीये.
काच जागीच आहे. चर्च वर येतंय.’

ओइलीनं पेन्सिल खाली ठेवली.
‘हो. असंही म्हणता येतं. मला विचाराल तर तेच जास्त खरं.
सुटलेल्या काचेवर त्या क्षणी काही जोर नसतो.
जोर आपल्यावर आहे, तळव्यांतून, सतत.’

कॉफी थंड झाली होती. त्यानं ती तरी प्याली.
‘आमचा रूबेन. याच छपरावर डांबर मारत होता.
एकोणीस वर्षांचा.’
टक्.
‘त्या वेळी त्याच्यावर… काही जोर नव्हता?’
‘नव्हता.’ तिनं मान वर करून छताकडे पाहिलं,
मनात उंची मांडली असावी. ‘दीड सेकंद.’
‘म्हणजे तो जागीच होता.’
‘जागीच.’
‘जमीन आली.’

यावर ती काही बोलली नाही.
टक्. टक्. मी मोजायचं विसरलो किती.

सकाळी आकडा मिळाला. पाच वर्षांपूर्वीच्यापेक्षा कमी,
आठव्या दशांशात, म्हणजे असून नसल्यासारखा.
पण ते नंतर.
त्या वेळी एलोफनं थर्मासचं झाकण घट्ट केलं,
किल्ल्या चाचपल्या, आणि एकेका पायरीवर
दोन्ही पाय ठेवत, थांबत, तो गेला.
हातमोजा यंत्राच्या पेटीवर राहिला.
मी वेळ लिहिली : दोन चाळीस.
पुढे लिहिलं, एक माणूस, वर.
मग ‘वर’ खोडलं.